हजेरी आणि सूचना: हायस्कुलाने घरी कळवायचं ते कशावर?

जून उजाडला की पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच बैठकीत हा विषय निघतो. पालक म्हणतात, पोरगं शाळेत पोचलं की नाही ते आम्हाला कळत नाही. शिक्षक म्हणतात, ढीगभर मेसेज टाकतो, वाचतं कोण? मग कुणीतरी ॲपचं गुळगुळीत माहितीपत्रक पुढे सरकवतं, कुणीतरी म्हणतं व्हॉट्सॲप आहेच की, आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. या वर्षी तो तिथे जाऊ नये, म्हणून हा आढावा.

आधी हजेरी आणि सूचना वेगळ्या करा. गैरहजेरीचा निरोप एकाच घराचा असतो आणि तो पहिल्या तासानंतर तासाभरात पोचला नाही तर उपयोगाचा नाही. त्याला उलट उत्तरही यायला हवं: ‘ताप आहे’, ‘मामाचं लग्न आहे’, किंवा ‘अहो, तो तर सव्वासहालाच घरून निघालाय!’ खरं तर सगळा खटाटोप या तिसऱ्या उत्तरासाठी. सूचना मात्र सगळ्यांची असते. सहलीचे पैसे, चाचणीचं वेळापत्रक, पालकसभा. ती दोन तास उशिरा पोचली तरी बिघडत नाही, पण पंधरा दिवसांनी शोधली तर सापडायला हवी. एकच साधन दोन्ही कामं चांगली करील अशी आशा धरली की तिथेच निवड फसते.

शाळेची डायरी सगळ्यांत जुनी, आणि तिला मोडीत काढायची घाई करू नका. सहलीचं संमतीपत्र, रजेचा अर्ज, शेरा, जिथे सही लागते तिथे कागदच बरा. ज्या घरी एकच फोन आहे आणि तो वडिलांच्या खिशात कामावर जातो, तिथे आईपर्यंत पोचणारी हीच एक गोष्ट. हजेरीसाठी मात्र ती कुचकामी. दांडी मारणाऱ्याच्याच दप्तरातून दांडीची बातमी पाठवण्यात काय अर्थ? नववीत गेलेल्या पोरांना बाबांची सही बाबांपेक्षा सुबक येते.

व्हॉट्सॲप फुकट आहे, सगळ्यांना येतं, आणि वाचता न येणाऱ्या पालकांसाठी मराठीत बोलून पाठवता येतं. एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, त्यामुळे मध्यम शाळेचे सगळे पालकही बसतात. पण सेटिंग न बदलता ग्रुप काढला की ‘ओके सर’, ‘धन्यवाद मॅडम’, गुलाबाची फुलं आणि कुणाच्या तरी दुकानाची जाहिरात यांखाली सूचना गाडली जाते. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करा. दुसरी गोष्ट नंबरांची. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक आईचा नंबर प्रत्येक अनोळखी माणसाला दिसतो. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये आणलेल्या ‘कम्युनिटी’च्या सूचना-ग्रुपमध्ये पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. शाळेसाठी तोच घ्या. आणि परिपत्रकाचा तिरका फोटो टाकण्याऐवजी मजकूर टाइप करा, म्हणजे पालकांना ‘सहल’ शब्द शोधला की सूचना सापडते.

व्हॉट्सॲपवर हजेरी? ग्रुपवर ‘आज गैरहजर: रोल नंबर ७, १९, ३३’ असं टाकणारे वर्गशिक्षक आहेत. हे करू नका. एका घराची अडचण पन्नास घरांत वाचली जाते, आणि संध्याकाळी त्या आईला दारात कुणीतरी विचारतंच. खासगी मेसेज ठीक, पण तो शिक्षकाच्या स्वतःच्या नंबरवरून जातो आणि मग रात्री अकरालाही ‘सर, उद्या डबा आणायचा का?’ येतं.

जुलैची वेगळी डोकेदुखी असते. पावसाचा जोर वाढला की जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं सुट्टीचं पत्र फिरू लागतं, आणि ते मागच्या वर्षीचं असतं. तारीख कोण वाचतं? शाळेच्या सूचना-ग्रुपवर आलं तरच खरं, बाकीचं खोटं, एवढा एक नियम पालकांच्या डोक्यात जूनमध्येच बसवला तर या ग्रुपचे कष्ट वसूल होतात.

एसएमएस आता कुणालाच नको असतो. बँकेचे, लोनचे, रिचार्जचे मेसेज येतात तिथे शाळा कशाला? पण हजेरीसाठी माझं मत एसएमएसलाच. साध्या बटणांच्या फोनवर येतो, इंटरनेटचा पॅक संपला तरी येतो, ग्रुप म्यूट केला तरी येतो. बदलापूरच्या २०२४ च्या घटनेनंतर शालेय शिक्षण विभागाने ज्या सुरक्षेच्या सूचना काढल्या, त्यांतही दिवसातून तीनदा हजेरी आणि गैरहजर मुलाच्या पालकांना एसएमएस हीच अपेक्षा आहे.

मात्र त्यातली खोच समजून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे संस्थेला डीएलटीवर, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी करावी लागते आणि मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नाव आणि वर्ग बदलता येतो, बाकी वाक्य ठरलेलं. हजेरीला हे सोयीचंच, कारण रोज तेच वाक्य जायचं असतं. ‘नळाला पाणी नाही म्हणून आज शाळा लवकर सुटेल’ हे मात्र ऐनवेळी मंजूर साच्यात बसवता येत नाही. म्हणून सूचनांसाठी एसएमएस नको.

दुसरी खोच अक्षरांची. रोमन लिपीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. नुसत्या ‘विद्यार्थी’ शब्दाला दहा जागा लागतात. आता हे पाहा: ‘ऋतुजा (९ब) आज पहिल्या तासाला गैरहजर. कारण वर्गशिक्षकांना कळवा.’ मोजून ६२. ऋतुजाच्या जागी ज्ञानेश्वरी आली तरी ६८. आडनाव किंवा शाळेचं नाव घातलं की सत्तरी ओलांडते आणि एका निरोपाला दोन मेसेजचे पैसे पडतात. काही शाळा यावर उपाय म्हणून इंग्रजीत पाठवतात. ते पैसे वाचवणं नव्हे, निरोप वाया घालवणं आहे. दोन मेसेजचे पैसे जाऊ द्या, पण मराठीत पाठवा. या मेसेजला उलट उत्तरही देता येत नाही, त्यामुळे कळवायचं कुठे तो नंबर डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवा.

ॲपवाले दाखवतात ते खोटं नसतं. महिन्याची टक्केवारी, रजेचा अर्ज, गृहपाठ, फी, सगळं एका जागी. टक्केवारी ही मोलाची गोष्ट आहे. दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, राज्य मंडळ असो की सीबीएसई. वर्षात २२० दिवस शाळा भरली असं धरलं तर ५५ खाडे झाले की काठावर. हा हिशेब पालकांना सप्टेंबरात कळायला हवा, तो कळतो जानेवारीत, जेव्हा हेडसर बोलावून घेतात आणि घरात ‘आता बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा का?’ अशी रडारड सुरू होते. ॲप ही टक्केवारी रोज दाखवतं.

पण हे दाखवण्यासाठी भरतं कोण? वर्गशिक्षक कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, भरतात. डिसेंबर २०२३ पासून शासनाच्या चॅटबॉटवरही हजेरी नोंदवायला सांगितलेलं आहे. ॲप आलं की तीच हजेरी तिसऱ्यांदा. ऑगस्टपर्यंत उत्साहाने भरली जाते, दिवाळीनंतर ‘सगळे हजर’ असं एकच बटण दाबलं जातं, आणि ज्या हजेरीवर कुणाचा भरवसा नाही ती नसलेलीच बरी. फाटकावर कार्ड टेकवायची यंत्रणा असली तरी ती कार्डाची हजेरी मांडते. एका पोराच्या खिशातून चार मित्रांची कार्डं टेकवली जाऊ शकतात.

तरी ॲप घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला नेमकं विचारा. हजेरी एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का? करार संपल्यावर माहिती कुणाकडे राहते? दोन भावंडं एकाच फोनवर दिसतात का? पालकांचा नंबर बदलला तर लॉगिनचं काय? पूर्ण मराठीत आहे का, की फक्त मेनू मराठीत? मुलांची माहिती बाहेरच्या कंपनीकडे जाणार असल्यामुळे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात ठेवा. त्यात १८ वर्षांखालचे सगळे मूलच, आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती हा नियम. खर्च पालकांवर टाकायचा तर खासगी शाळांत तो फीचाच भाग होतो, आणि फी ठरवताना २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती मध्ये येते.

आता राहिला साधा फोन, आणि तो तुलनेत शेवटी येतो म्हणून कमी समजू नका. रोज सगळ्यांना फोन शक्य नाही. पण सलग तिसरा खाडा पडला की मेसेज पुरेसा नसतो. मराठवाड्यातल्या एखाद्या हायस्कुलातलं, दिवाळीनंतरचं हे बोलणं कुठल्याही वर्गशिक्षिकेला पाठ असेल:

‘आजी, पूजा तीन दिवस आली नाही.’
‘तिचे मायबाप कारखान्यावर गेलेत बाई. ती बी गेली, धाकट्याला सांभाळायला.’
‘कधी येणार?’
‘आता कोयता खाली ठेवल्यावरच.’

ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांच्या फोनवर एसएमएस गेलाही असेल. त्याने काय होणार? इथे पुढचं बोलणं लागतं: पोरीला आजीकडे ठेवता येईल का, जवळ हंगामी वसतिगृह आहे का. आणि नववी-दहावीतली मुलगी सलग आठवडाभर आली नाही, फोनही कुणी उचलत नाही, तर वाट न बघता घरी जा. घरात लग्नाची तयारी दिसली तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे. ही हजेरी कुठल्याच ॲपमध्ये भरता येत नाही.

शहरातल्या, बहुतेक पालकांकडे स्मार्टफोन असलेल्या, कार्यालयात दोन लेखनिक असलेल्या शाळेने ॲप घ्यायला हरकत नाही, पण रोजची गैरहजेरी एसएमएसनेच पाठवावी. पोरं एसटीने येतात त्या तालुक्याच्या शाळेने एसएमएस आणि व्हॉट्सॲपची जोडी ठेवावी, आणि गाडी उशिरा आली तर मेसेज सोडायच्या आधी त्या मार्गाच्या पोरांची पंधरा मिनिटं वाट पाहावी. नाहीतर रस्त्यात अडकलेल्या गाडीतल्या वीस घरांत एकाच वेळी घबराट. शंभर-दीडशे पटाच्या लहान शाळेला फोन आणि एक नीट चालवलेला ग्रुप पुरतो, तिथे ॲपवर पैसे घालू नयेत.

यातलं काहीही निवडलं तरी नंबरांची यादी आधी साफ करा. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘वडिलांचा मोबाइल’ या रकान्यात मुलाने स्वतःचाच नंबर लिहिलेला असतो, म्हणजे दांडीचा मेसेज थेट दांडीबहाद्दराला. जूनच्या पालकसभेत समोर बसवून प्रत्येक नंबरावर मिस्ड कॉल द्या. दोन नंबर घ्या, कुणाचे आहेत ते लिहा, त्यातल्या कुठल्यावर व्हॉट्सॲप आहे ते विचारा, वाचता येतं की बोलून सांगावं लागेल तेही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर हे एकदा पुन्हा करा, कारण तोवर कुणाचं सिम बदललेलं असतं, कुणी पुण्या-मुंबईला कामाला गेलेलं असतं, आणि फोन आजीकडे आलेला असतो.