कन्फ्यूजिंग वर्ड्सचं ॲप: ऑडिओ झकास, कंटेजस-इन्फेक्शसमध्ये माती (५ पैकी २ स्टार)

पुतणी जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) आहे, तिच्यासाठी या ॲपचा वर्षाचा प्लॅन घेतला. नाव नाही घेत, जाहिराती सगळ्यांना दिसतातच. सारख्या वाटणाऱ्या इंग्लिश शब्दांच्या जोड्या, प्रत्येकीला छोटा व्हिडिओ आणि मग क्विझ, असा मामला. उच्चार एकदम क्लिअर, डेटा कमी खातं, आणि मराठी खरंच मराठी आहे, हिंदीला 'आहे' चिकटवलेलं नाही.

पण आजारांच्या धड्यात पार माती खाल्लीय. कंटेजस आणि इन्फेक्शस, दोन्ही शब्दांपुढे 'संसर्गजन्य' आणि खाली फरक काय, तर कंटेजस म्हणजे शिवल्याने पसरणारा, इन्फेक्शस म्हणजे हवा-पाण्यातून पसरणारा. अहो मग गोवर कुठे टाकणार? पेशंट खोलीतून गेला तरी व्हायरस दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, लस नसलेल्या जवळच्या १० जणांतल्या ९ जणांना होऊ शकतो, शिवायची गरजच नाही, आणि त्याच्याएवढा कंटेजस आजार शोधून सापडायचा नाही.

सरळ आहे ना, जंतूंमुळे होतो तो इन्फेक्शस, मग जंतू कुठूनही येवोत, आणि त्यातला जो एकाचा दुसऱ्याला लागतो तो कंटेजस. धनुर्वात घ्या. मातीतले जंतू जखमेतून आत जातात, म्हणजे इन्फेक्शस आहेच, पण पेशंटच्या उशाशी रात्रभर बसलात तरी तुम्हाला त्याच्याकडून लागणार नाही. लेप्टोस्पायरोसिसपण तसाच, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं त्यातून होतो, माणसाकडून माणसाला सहसा नाही. मलेरियाला मधे डास लागतो. वॉर्डात काम करायचंय त्या पोरींना हे असं चुकीचं शिकवायचं?

आता आजारांना नावं देणाऱ्यांनीही घोळ घातलाय हे मान्य. पोल्ट्रीवाल्यांचा गंबोरो घ्या, कोंबड्यांचा रोग, त्याचं कागदावरचं नाव इन्फेक्शस बर्सल डिसीज, आणि प्रत्यक्षात शेडमध्ये शिरला की भराभर पसरतो, म्हणजे चांगलाच कंटेजस. जनावरांच्या रोगांसाठी २००९ चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या नावात तर दोन्ही शब्द घातलेत, भानगडच नको.

एक गोष्ट मात्र छान जमलीय, ती म्हणजे आजार सोडून बाकीचा वापर. हसणं, उत्साह अशा चांगल्या गोष्टींना बहुतेक वेळा इन्फेक्शस लावतात, कंटेजस दोन्हीकडे चालतो, हसण्यालाही आणि घबराटीलाही, आणि जांभईला तर तोच. इथली वाक्यं मस्त आहेत, पुतणीला एका फटक्यात कळलं.

सपोर्टला सगळं लिहून पाठवलं तर 'तुमचा अभिप्राय मोलाचा आहे' एवढंच उत्तर आलं, धडा आहे तसाच. बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांनी खुशाल घ्या, नर्सिंगवाल्यांनी ट्रायलमध्ये आधी हा धडा उघडून बघा आणि ऑटो-रिन्यू लगेच बंद करा, ते बटण सेटिंगमध्ये पार तळाला लपवलंय.