खुल्याला नाव द्यावं की सेंट्रललाच राहावं?

घरातल्या कुणाचं खुल्या कारागृहासाठी, म्हणजे भिंत नसलेल्या, शेतीकामाच्या जेलसाठी नाव निघालं की आधी सगळे खूश होतात, मग प्रश्न पडायला लागतात. मी दोन्हीकडे राहिलोय: आठ वर्षं सेंट्रलला, म्हणजे बंद मध्यवर्ती कारागृहात, आणि साडेतीन खुल्यात. माझा कल लपणार नाही, तेवढा वजा करून वाचा.

सेंट्रलची बाजू वाटते तितकी पडती नाही. सुतारकाम मी तिथंच शिकलो. रंधा नीट धरता येईपर्यंत मास्तरांनी मला दुसऱ्या हत्याराला हात लावू दिला नाही. पुढे कुशल कामगाराची मजुरी खात्यावर जमा व्हायला लागली. खुल्यात गेलो आणि हातात आलं खुरपं. ज्याच्या अंगात शेती नाही त्याला पहिला उन्हाळा रडवतो. सेंट्रल शहरात असतं, वकील गाठायला सोपं. पैठणच्या खुल्यासारख्या ठिकाणी भेटायला जायचं तर घरच्यांचा अख्खा दिवस एसटीत जातो.

भिंत नसण्याचाही एक त्रास असतो. समोर पायवाट दिसत असते आणि रोज तिच्याकडे पाठ करून कामाला लागायचं असतं. एखादा निघून जातो, सापडतो, नवा गुन्हा अंगावर घेऊन पुन्हा बंद जेलात येतो. ज्याचं डोकं पटकन फिरतं, त्यानं घाई करू नये असं मला वाटतं.

माफीचे, म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस खुल्यात जास्त पडतात. बहुतेक जण तोच हिशोब करून नाव देतात, आणि त्यात वावगं काही नाही.

माझं मात्र मुलाखतीवरून, म्हणजे घरच्यांच्या भेटीवरून ठरलं. आमच्या सेंट्रलला एक जाळी, हातभर अंतर सोडून दुसरी जाळी, आणि एका वेळी पंधरा-वीस जण ओरडताहेत. आईला कमी ऐकू येतं. एकदा मी घसा फोडून सांगितलं, "बैल विकू नको." तिनं मान हलवली, "बरं, बरं." पुढच्या महिन्यात भावाचं पत्र आलं: बैल विकले, आई म्हणते तूच सांगितलंस, विकून टाक. बैलांचं दुःख झालंच. पण त्याआधीच्या सगळ्या भेटींत ती नुसतीच मान हलवत होती की काय, हा विचार डोक्यातून जाईना. खुल्यात समोर बसून बोलता येतं असं कळलं, त्याच दिवशी जेलच्या सुभेदारांना म्हटलं, माझं नाव घाला.

तिथल्या पहिल्या भेटीत आम्ही लिंबाखाली बसलो. मी सवयीनं ओरडायला लागलो, तर आईनं डाव्या कानाला बोट लावलं. "इकडून बोल, इकडून येतं." इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

आणि हे काही नवं खूळ नाही. औंध संस्थानात पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ साली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली ती मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून. तिथं कैदी बायकामुलांसह राहतो, जमीन कसतो. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर जाऊन स्वतःची रोजीरोटी कमावतात. आमच्या खुल्यात एवढी मोकळीक नव्हती, कुटुंब ठेवता येत नव्हतं. निवडायला मिळालं असतं तर मी स्वतंत्रपूरच मागितलं असतं.

ही सगळी चर्चा अर्थात पक्क्या, म्हणजे शिक्षा लागलेल्या कैद्यांपुरती. देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे आहेत, म्हणजे खटला अजून चालू असलेले, त्यांच्यापुढे नाव देण्याचा हा कागद येतच नाही.

तुमच्या माणसाला बंद जेलात चांगला कारखाना मिळाला असेल आणि वर्षभरात सुटका दिसत असेल, तर राहू द्यावं, हातात धंदा येईल. शिक्षा लांबची असेल आणि घरी म्हातारं माणूस असेल, तर मी नाव द्यायला सांगेन. फक्त एसटी कुठं बदलायची ते आधी विचारून ठेवा. आमच्या आईला दोनदा बदलावी लागायची, आणि दुसऱ्या स्टँडवर बसायला बाकडं नव्हतं.