सहा भोकांचा वॉटर बाथ: घ्या, पण थर्मामीटर हाताशी ठेवा

पाचपैकी साडेतीन तारे. वॉटर बाथ, म्हणजे नळ्या ठेवायला पाणी ठरावीक तापमानाला धरून ठेवणारं विजेचं भांडं, ज्युनिअर कॉलेजच्या बायोलॉजी लॅबसाठी घ्यायचा असेल तर वाचा. आम्ही लातूरला बारावीच्या प्रॅक्टिकलला वापरतो. कंपनीचं नाव देत नाही, या घडणीचे बाथ बहुतेक डीलरांकडे मिळतात.

लाळेतल्या अमायलेजचा, म्हणजे स्टार्च फोडणाऱ्या एन्झाइमचा, प्रयोग आधी तिवई, बीकर आणि स्पिरिटच्या दिव्यावर चालायचा. दिवा ठेवला की पाणी 45वर, काढला की 33वर. मुलं कंटाळून पुस्तकातले आकडे उतरवायची आणि जर्नलमध्ये सगळ्यांचा आलेख एकाच साच्यातला. आता 37 लावलं की आकडा जागचा हलत नाही. स्टार्चमध्ये पातळ केलेली लाळ मिसळायची आणि दर मिनिटाला त्यातला एक थेंब टाइलवरच्या आयोडीनमध्ये सोडायचा. आधी निळाकाळा, मग जांभळट, मग तपकिरी, शेवटी स्टार्च संपला की आयोडीनचा स्वतःचा पिवळाच उरतो. आमच्याकडे 37ला हे चारेक मिनिटांत उरकतं, 27ला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. दहा अंशांमागे वेग साधारण दुप्पट होतो हे फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात जात नाही, टाइलवर मोजलं की जातं.

खरी गंमत बर्फातल्या नळीची. पाव तास झाला तरी निळीच, पण तीच उचलून 37च्या पाण्यात ठेवली की कामाला लागते. लाळ आधी उकळून घेतलेली नळी मात्र ढिम्म! गारठ्यात एन्झाइम नुसतं मंदावतं. उकळल्यावर त्या प्रथिनाची घडीच विस्कटते, ती परत बसत नाही.

आता कुरबुरी. आत पाणी ढवळायची सोय नाही. डिस्प्लेवर दिसतं ते सेन्सरजवळचं तापमान. कोपऱ्यातल्या भोकात थर्मामीटर घातला तर दोन अंश कमी. शिवाय पाणी 37 असलं म्हणून नळीतला स्टार्च लगेच 37 होत नाही. म्हणून मी स्टार्च आणि लाळ वेगवेगळ्या नळ्यांत पाचेक मिनिटं बाथमध्ये ठेवायला लावते, मग मिसळायचं. 60 अंशांवर झाकणाखालचे वाफेचे थेंब नळीत टपकतात, तोंडाला कापूस लावा.

हे यंत्र फक्त तापवतं, गार करत नाही. एप्रिलमध्ये आमची लॅबच चाळिशीला टेकते, तेव्हा 37 लावून काय उपयोग? थंडीत प्रॅक्टिकल उरकून घ्या. आणि लाळेऐवजी बुरशीपासून केलेली डायस्टेज पावडर (हेही स्टार्च फोडणारं एन्झाइमच) वापरणाऱ्यांनी आलेखाचं टोक 50च्या आसपास आलं म्हणून डीलरला फोन करू नये. त्या एन्झाइमला तेवढी ऊब लागतेच.

बोअरचं पाणी भरू नका, हीटरवर पांढरा थर चढतो. आमचा हीटर गेला तेव्हा दुरुस्तीचा माणूस परीक्षा संपल्यावर उगवला, अर्धा तारा त्यातच कापलाय. घेताना खाली तोटी आहे ना, ते बघा. आमच्या बाथला नाही. भरलेला बाथ उपडा करायला दोघं लागतात आणि लॅबचे मामा आता रिटायर व्हायला आलेत.