खोपोली, गोराई की घाटकोपर? आधी धाकट्याची उंची मोजा

घरात तीन ते सात वर्षांची मुलं असतील, तर कुठल्या पार्कात किती राइड्स आहेत हे मोजत बसू नका. त्यातल्या किती राइड्समध्ये तुमच्या धाकट्याला बसू देतील, ते आधी बघा. बहुतेक मोठ्या राइड्सच्या दाराशी उंचीची पट्टी असते आणि तिथे वयाचा दाखला चालत नाही. तीन वर्षांचं मूल साधारण 95 सेंटिमीटरचं असतं, पाच वर्षांचं 110 च्या आसपास आणि सात वर्षांचं 120 च्या थोडं वर. म्हणून तिकिटं काढण्याआधी मुलांना अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा आणि टेपने मोजा. काही ठिकाणी उंचीवरून तिकिटाचा दरही बदलतो, म्हणजे हिशोबालाही तो आकडा लागतोच.

मुंबईकरांपुढे खरे पर्याय तीन आहेत: खोपोलीचं इमॅजिका, गोराईचं वॉटर किंगडम आणि घाटकोपरच्या आर सिटी मॉलमधलं किडझानिया. तिन्ही ठिकाणी मुलं खूश होतात, फक्त वेगवेगळ्या वयाची.

इमॅजिकापासून सुरुवात करते, कारण तिथे ठरवण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. हे पार्क 2013 साली सुरू झालं, पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं आणि 2016 मध्ये स्नो पार्क. जाहिरातीत दिसतो तो नायट्रो रोलरकोस्टर. त्याला साडेचार फुटांच्या आसपास उंची लागते, म्हणजे तो आपल्या चर्चेतून बाद. सलीमगढ ही भुताटकीची अंधारी राइड. पाच वर्षांच्या मुलाला तिथे हौसेने नेऊ नका, रात्रीची झोप जाते. राजासॉरसच्या बोटीत डायनोसॉर बघायला मुलांना प्रचंड आवडतं, पण शेवटी बोट वरून खाली पाण्यात येते, तेव्हा उंचीचा नियम बघा आणि मुलाचा स्वभावही. (राजासॉरस हा खरोखरचा डायनोसॉर आहे, त्याचे अवशेष नर्मदेच्या खोऱ्यात सापडले. जाण्याआधी मुलांना हे सांगून ठेवलंत तर रांगेतला वेळ प्रश्नोत्तरांत जाईल.) धाकट्यांसाठी मॅजिक कॅरोसेल आहे, उडत्या हत्तींचा टबी आहे आणि रस्त्यावरचे कार्यक्रम आहेत. चार वर्षांच्या मुलाचा दिवस यात आनंदाने भरतो. मात्र त्यासाठी तुम्हाला तिकिटाचे पूर्ण पैसे मोजावे लागतात आणि मोठ्या राइड्स आई-बाबांनी आळीपाळीने करायच्या, हे आधीच मान्य करून जायला हवं.

इमॅजिकाबाबत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुपारचा प्रश्न. लहान मूल दीड-दोनच्या सुमाराला कोमेजतं. ऊन, आवाज, रांग आणि न झालेली झोप एकत्र आली की चारनंतरचा वेळ रडारडीत जातो. दादर किंवा ठाण्याहून पहाटे निघून रात्री परतायचं ठरवलं, तर या झोपेला जागाच उरत नाही. पार्कला लागूनच हॉटेल आहे, खोपोलीतही राहायची सोय होते. एक मुक्काम केला तर सकाळी दोन-तीन तास पार्क, दुपारी खोलीवर जेवण आणि झोप, असा दिवस आखता येतो. दुपारनंतर पुन्हा आत जायचं असेल तर तिकिटावर तशी सोय आहे का, ते विचारून घ्या. नसेल तर उरलेला वेळ हॉटेलात आणि दुसरी सकाळ वॉटर पार्कसाठी. खर्च वाढतो, हे खरं. पण मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर मुक्कामाशिवाय इमॅजिकाला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवासाचं म्हणाल तर एक्स्प्रेसवेवरून बोरघाट सुरू होण्याआधीच तुम्ही बाहेर पडता, त्यामुळे घाटात उलट्या होणाऱ्या मुलांचा प्रश्न येत नाही. लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांची गर्दी मात्र शनिवारी सकाळी तुमच्याही वाट्याला येते. लोकलने जायचं तर कर्जत-खोपोली मार्ग आहे, पण थेट खोपोली गाड्या मोजक्याच, कर्जतला बदलावं लागू शकतं आणि पुढे रिक्षा. सामान आणि मूल दोन्ही कडेवर असताना मी गाडीच निवडेन. आजी-आजोबा बरोबर असतील तर खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे आणि इमॅजिका ज्या रस्त्यावर आहे तोच पुढे पालीच्या बल्लाळेश्वराला जातो. रांगांमध्ये उभं राहण्याची हौस नसलेल्या माणसांसाठीही मग सहलीत काहीतरी असतं. दुसऱ्या दोन ठिकाणांना ही जोड नाही.

गोराईचं गणित वेगळं. 1989 चं एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे, त्याच्या शेजारचं वॉटर किंगडम 1998 चं. मी इथे फक्त पाण्याच्या पार्कबद्दल बोलते आहे. बोरिवलीहून गोराई जेट्टी आणि तिथून बोटीने खाडी ओलांडायची. मुलांची सहल बोटीतच सुरू होते. गाडीने यायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा पडतो. पश्चिम उपनगरात राहणाऱ्यांना मुक्कामाची गरज नाही, आणि पाण्यात मुलांना उंचीपेक्षा उथळ जागा लागते, ती इथे आहे. म्हणून 90 ते 110 सेंटिमीटरच्या मुलांना एका दिवसाच्या पैशांत सगळ्यात जास्त खेळायला मिळतं ते गोराईलाच.

पण पाण्यात मूल सांभाळणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. जीवरक्षक असले तरी लाटांच्या तलावात प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. दोन मुलं आणि एकटी आई, असं जाऊ नका. मावशी, काका, कुणीतरी बरोबर घ्या. लहान मुलांचं अंग लवकर गार पडतं, दर अर्ध्या तासाने बाहेर काढून पुसा आणि काहीतरी खायला द्या. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, तेव्हा नायलॉनचे घरूनच घेऊन जा. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी धाकट्यांना बोचतं. एप्रिल-मे उत्तम, पण तेव्हा गर्दीही उत्तम.

किडझानिया बंदिस्त आणि वातानुकूलित आहे, त्यामुळे मे महिन्याचं ऊन आणि जुलैचा पाऊस दोन्ही तिथे बाहेर राहतात. हेही 2013 चंच. मुलं अग्निशामक, डॉक्टर, पायलट होतात, कामाचा पगार किडझो नावाच्या चलनात घेतात, बँकेत ठेवतात, खर्च करतात. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना यातलं सगळं समजतं आणि ती दिवसभर बाहेर यायला तयार नसतात. चार वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र तिथे फारसं काही नाही, आणि पालकांना काचेबाहेरून बघत उभं राहायचं असतं. एक मूल आठ वर्षांचं आणि एक तीनचं असेल, तर मोठ्याला एका पालकाबरोबर घाटकोपरला पाठवा. धाकट्याला बळेच नेऊ नका. घाटकोपरला लोकल आणि मेट्रो दोन्ही आहेत, कंटाळा आला तर तासाभरात घरी.

दुबई-सिंगापूरचा विचार मनात असेल तर थोडक्यात. लेगोलँड दुबई 2 ते 12 वर्षांसाठीच आखलेलं आहे आणि विमानाचा प्रवास तीन तासांच्या आसपास, तेव्हा लहान मुलांसाठी मी तेच वर ठेवेन, फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज पार्कात ट्रान्सफॉर्मर्स राइडला 102 आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका रोलरकोस्टरला 125 सेंटिमीटर उंची लागते, प्रवासही जवळपास दुप्पट. धाकटं सात वर्षांचं होईपर्यंत ते थांबू शकतं. दोन वर्षं पूर्ण झाली की विमानात मुलाला स्वतंत्र सीट घ्यावी लागते, हेही हिशोबात धरा.

खाण्याबाबत तिन्हीकडे एकच गोष्ट: बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत. बाळाच्या खिमटीला सहसा हरकत घेत नाहीत, तरी तिकीट काढताना विचारा. जमल्यास सोमवार ते गुरुवार जा. भाऊबीज झाल्यावर ऑफिसं सुरू होतात आणि शाळांना सुट्टी असते, ते दिवस सगळ्यात चांगले.

आणि दोन्ही मुलं 90 सेंटिमीटरच्या आत असतील तर यंदा यातलं काहीच नको. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा, पेंग्विन बघा, झाडाखाली बसा. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.