शहापूरात करून घेतलेली तपकिरीची डबी: झाकणाला पैकीच्या पैकी, मीन्यात मार खाल्ला

आमचा आज्जा निपाणीत तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर हिशेब लिहायला होता, तपकीर अजून सुटली नाही आणि डबी म्हणजे ती पत्र्याची, झाकण निसटून कोटाचा खिसा कायमचा तपकिरी झालेला. सहस्रचंद्रदर्शनाला त्याला चांदीची डबी करायची ठरली आणि मला वेड जुन्या फ्रेंच डब्यांचं, त्यामुळं बेळगावात शहापूरातल्या एका चांदीच्या कारागिराकडं प्रिंटआऊटचा गठ्ठा घेऊनच गेलतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या साइटवर या डब्या एकदा झूम करून बघाच. अठराव्या शतकातल्या, पॅरिसच्या, सोन्याच्या, तळहातात मावणाऱ्या. आधी सगळे शिंपले, लाटा, वाकडीतिकडी वळणं असायची, मग इटलीत १७३८ला हर्क्युलेनियम आणि १७४८ला पॉम्पेई ही गाडली गेलेली रोमन शहरं खणायला घेतली, जुनी रोमन नक्षी लोकांच्या डोळ्यांपुढं आली आणि १७६० नंतर पॅरिसच्या सोनारांनी वळणं सोडून सरळ रेघ धरली, खांब, कलश, लॉरेलच्या पानांच्या माळा. सोन्यात तांबं जास्त घातलं की लालसर, चांदी घातली की हिरवट, अशी रंगारंगाच्या सोन्याची पानंफुलं एकाच डबीवर!

मामांनी (कारागिरांना तिथं सगळे मामाच म्हणतात) चष्मा वर करून पाच मिनिटं कागद बघितले आणि म्हणाले, "दादा, दिसतंय साधं, पण अवघड आहे की ओ हे. वेलबुट्टीत हात चुकला तर एक पान जास्तीचं काढून झाकता येतंय, इथं रेघ हलली की लांबनं दिसणार." मी तिथंच अॅडव्हान्स दिला.

आता काम कसं झालंय ते. बिजागरी आतनं लपवलीय, कडेनं नख फिरवलं तरी सांधा लागत नाही, बंद करताना शेवटी हलकंसं अडतं आणि मग टक्. तपकिरीच्या डबीत हेच तर पाहिजे, झाकण सैल असलं की तपकीर वाळून वास जातो, खिशात सांडते ते वेगळंच. नुसत्या अंगठ्यानं उघडते. आज्जा महिनाभर रोज वापरतोय त्यावरनं लिहितोय, एकदाही सांडली नाही. रंगाचं मी बोललो तेव्हा मामांनीच सुचवलं, अंगाला सोन्याचा मुलामा देऊया आणि माळा चांदीच्या पांढऱ्याच ठेवूया, आणि ते इतकं देखणं झालंय की फोटोत येतच नाही.

मीना, म्हणजे धातूवर भाजून चढवलेला रंगीत काचेचा थर, मात्र बिघडला. फ्रेंच डब्यांवर आधी मशीनवर बारीक लहरी रेघा कोरायचे आणि वरून पारदर्शक मीना, म्हणून डबी हलवली की आतला उजेड हलतो. मामांनी त्या रेघा हातानं कलमेनं कोरल्या, चार दिवस गेले त्यात, आणि मीना बाहेरून करून आणला तो असला दाट निळा आला की रेघा सगळ्या गडप. जीव हळहळला बघा. मीन्याचे पैसे मामांनी न सांगता बिलातनं काढून टाकले.

अजून एक. पॅरिसच्या डबीत आतल्या बाजूला शिक्के असतात, एक करणाऱ्या सोनाराचा, एक त्यांच्या संघाचा, दोन कर वसूल करणाऱ्यांचे. पुढं एकोणिसाव्या शतकात हीच सरळ रेघांची, फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या काळातली स्टाइल परत आली तेव्हा जर्मनीत हानाऊला तशा डब्या करून वर पॅरिससारखे दिसणारे शिक्के मारायचे, उलट रशियात फॅबर्जे या नावाजलेल्या सोनारानं त्याच धाटणीची कामं केली पण शिक्का स्वतःचा मारला. मला फॅबर्जेची रीत पटते. म्हणून मामांना म्हटलं चांदीच्या शुद्धतेचा ९२५ चा शिक्का तर माराच, पण खाली तुमच्या नावाचं अक्षर मारा. ते जरा वेळ गप्पच बसले. "चाळीस वर्षं काम करतोय दादा, शिक्का दुकानाचाच असतोय, आमचं अक्षर कुठं आलं नाही." मग नवीन पंच (शिक्का मारायचा ठसा) घडवून झाकणाच्या आत अगदी बारीक मारलंय, आज्जा येईल त्याला ते उघडून दाखवतोय.

जायचं असेल तर लग्नसराई सोडून जा, दिलेल्या तारखेत तीन आठवडे जास्तीचे धरा, आणि मीना नको म्हणून स्पष्ट सांगा, नुसत्या कोरलेल्या रेघाच ठेवायला लावा.