ओ-लाइन सुधारायची, पण कॅप तोकडी: कॅन्सस सिटीचा रस्ता की सिनसिनाटीचा?

अमेरिकन फुटबॉलची टीम. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) चांगला आहे, रिसीव्हर (झेलणारे) आहेत, पण क्वार्टरबॅकला वाचवणारी पाच जणांची ओ-लाइन (ऑफेन्सिव्ह लाइन) कच्ची. चेंडू हातात येऊन दोन-अडीच सेकंद होत नाहीत तोच समोरचा गडी त्याच्या अंगावर. मार्चमध्ये फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार) उघडणार, एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट (कॉलेजातल्या खेळाडूंची फेऱ्यांनी निवड), आणि कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, जागा जेमतेम दोन बऱ्या माणसांपुरती. तुम्ही मॅडन या व्हिडिओ गेमच्या फ्रँचायझी मोडमध्ये टीम चालवत असा, नाहीतर आपल्या टीमच्या जनरल मॅनेजरला दर रविवारी घरबसल्या सल्ले देत असा, अडचण तीच. तयार माणसं विकत घ्यायची, ड्राफ्टमधून घडवायची, की दुसऱ्या टीमशी ट्रेड (अदलाबदल) करायचा?

याचं उत्तर शोधायला एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, एक छान जोडी सापडते. एका वर्षाच्या अंतराने दोन टीम सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, हरल्या, दोन्ही ओ-लाइनमुळे हरल्या, आणि दोघांनीही एका उन्हाळ्यात जवळजवळ अख्खी लाइन बदलली.

फेब्रुवारी 2021 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स टॅम्पा बेकडून 31-9 असे हरले. लाइनमध्ये मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल असतात. त्यातल्या लेफ्ट टॅकल एरिक फिशरचा अकिलिस स्नायुबंध आधीच्याच सामन्यात तुटला होता, राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने ऑक्टोबरपासून बाहेर. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स सामनाभर जीव मुठीत धरून पळत होता आणि चीफ्सना एकही टचडाउन करता आला नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये सिनसिनाटी बेंगल्स रॅम्सकडून 23-20 हरले, त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो सात वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. त्याआधी टेनेसीविरुद्ध तो नऊ वेळा सॅक होऊनही बेंगल्स जिंकले होते. त्या मोसमात साखळी सामन्यांतच त्याला 51 वेळा पाडलं होतं.

आधी पैशाचं गणित

एनएफएलची कॅप कडक आहे, दंड भरून ओलांडता येत नाही. पण तिच्यात उचल घेता येते. खेळाडूला साइनिंग बोनस रोख मिळतो, कॅपवर मात्र तो करारातल्या वर्षांवर वाटून पडतो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. समजा चार वर्षांच्या करारात दोन कोटी डॉलर बोनस दिला, तर कॅपवर दरवर्षी 50 लाख. दोन वर्षांनी त्या माणसाला काढलात, तर उरलेले एक कोटी अंगावर पडतात. यालाच डेड मनी म्हणतात. 1 जूननंतर काढलं तर त्याचे दोन हप्ते होतात, माफ काही होत नाही. रिस्ट्रक्चर म्हणजेही तेच, यंदाच्या पगाराचा बोनस करायचा आणि ओझं पुढे ढकलायचं.

दुसरी गोष्ट अनेकजण विसरतात. कॅप वाढत असते. कोविडच्या फटक्याने 2021 मध्ये ती 18.25 कोटी डॉलरवर घसरली होती, 2025 मध्ये 27.92 कोटी झाली. त्यामुळे 2021 साली वर्षाला 1.6 कोटी घेणारा गार्ड कॅपचा पावणेनऊ टक्के हिस्सा खात होता. तेवढीच रक्कम 2025 मध्ये सहा टक्क्यांच्याही आत येते. लवकर केलेला लांब करार पुढे स्वस्त वाटतो तो यामुळे. अर्थात माणूस तोवर उभा राहिला पाहिजे.

कॅन्सस सिटी, 2021

चीफ्सनी पहिलं काम निर्दय केलं. फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही मार्चमध्ये सोडून दिलं. फिशर 2013 च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, आठ वर्षं टीममध्ये. भावनेला जागा ठेवली नाही. महोम्सचा करार रिस्ट्रक्चर करून आणखी जागा काढली.

मग तिन्ही दुकानांतून खरेदी. फ्री एजन्सीतून पॅट्रियट्सचा लेफ्ट गार्ड जो थुनी, पाच वर्षांसाठी आठ कोटी डॉलर. ट्रेडमधून बाल्टिमोरचा ऑरलँडो ब्राउन ज्युनियर लेफ्ट टॅकलला, त्यासाठी पहिल्या फेरीची 31 वी पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क) आणि वर आणखी पिका गेल्या (दुसऱ्या फेरीची एक परत मिळाली). ड्राफ्टमधून सेंटर क्रीड हम्फ्री, दुसऱ्या फेरीत 63 वा, आणि राइट गार्ड ट्रे स्मिथ, सहाव्या फेरीत 226 वा. स्मिथला कॉलेजात फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून इतर टीम कचरल्या. नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात पाचही जागांवर नवे चेहरे होते.

आता हिशेब बघा. हम्फ्री आणि स्मिथ दोघांचे चार-चार वर्षांचे रूकी करार (ड्राफ्टनंतरचे पहिले, स्वस्त करार) एकत्र केले तरी थुनीच्या एका वर्षाच्या सरासरीपेक्षा कमी भरतात. खरा फायदा इथे झाला. थुनी महाग होता, पण हे दोघे इतके स्वस्त होते की मधल्या तिघांचा मिळून खर्च आटोक्यात राहिला. फेब्रुवारी 2023 मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या सुपर बोलमध्ये, ज्या टीमने त्या मोसमात 70 सॅक केले होते तिच्यासमोर, महोम्स एकदाही सॅक झाला नाही. चीफ्स 38-35 जिंकले.

ब्राउनचा सौदा मात्र मला आजही महागच वाटतो. आला तेव्हा त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. दुसऱ्या वर्षी फ्रँचायझी टॅग (ठरीव रक्कम देऊन खेळाडूला एक वर्ष अडवून ठेवणं) लावावा लागला, दीर्घ करार जमला नाही, आणि 2023 मध्ये तो गेला. कुठे गेला? सिनसिनाटीला! चीफ्सना एक अजिंक्यपद मिळालं म्हणून कोणी बोलत नाही, पण पहिल्या फेरीची पिक देऊन दोन वर्षांचा टॅकल घेतला, आणि मग त्या जागेची पोकळी पुढे त्यांना छळत राहिली. फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये हाच थुनी नाइलाजाने लेफ्ट टॅकलला खेळत होता आणि महोम्स सहा वेळा सॅक झाला.

सिनसिनाटी, 2022

बेंगल्सची परिस्थिती खरं तर अधिक सोयीची होती. बरो अजून रूकी करारावर होता, म्हणजे पैसा मोकळा. त्यांनी तो सरळ बाजारात नेला. टॅम्पाचा गार्ड ॲलेक्स कॅपा चार वर्षांसाठी 3.5 कोटी, पॅट्रियट्सचा टेड कॅरस सेंटरसाठी तीन वर्षांना 1.8 कोटी, आणि डॅलसने सोडलेला राइट टॅकल ला'एल कॉलिन्स, तीन वर्षांना 2.1 कोटी. लेफ्ट गार्डला चौथ्या फेरीतला नवखा कॉर्डेल व्हॉल्सन. लेफ्ट टॅकल जोना विल्यम्स तेवढा जुना.

एकेक करार बघितला तर चूक काढता येत नाही. कोणीही अवाच्या सवा महाग नाही, डेड मनीचं ओझंही झेपण्यासारखं. तरी पहिल्या दोन सामन्यांत बरो 13 वेळा सॅक झाला. पाच माणसं शेजारी शेजारी उभी राहिली म्हणून लाइन होत नाही. समोरचे दोघे जागा बदलत आत घुसले की कोणी कोणाला घ्यायचं, हे दर सामन्यातल्या सवयीनेच ठरतं. 2011 च्या कामगार करारापासून पॅड घालून सराव करण्यावर मर्यादा आहेत, मोसमात फक्त 14. म्हणजे ही सवय होते ती सामन्यांत, क्वार्टरबॅकच्या अंगावर. पण धीर धरला तर फळ मिळतं. 0-2 वरून बेंगल्सनी मोसम 12-4 असा संपवला, शेवटचे आठ सामने सलग जिंकून.

मग डिसेंबरअखेर कॉलिन्सचा गुडघा गेला, जानेवारीत कॅपा आणि विल्यम्स पाठोपाठ. कॅन्सस सिटीविरुद्धच्या कॉन्फरन्स फायनलमध्ये (सुपर बोलच्या आधीचा सामना) तीन बदली खेळाडू उभे होते. बरो पाच वेळा सॅक झाला, बेंगल्स 23-20 हरले. त्यातला शेवटचा निर्णायक सॅक बघण्यासारखा आहे. ख्रिस जोन्स एरवी मधून खेळणारा गडी, पण त्या वेळी त्याला कडेला, बदली राइट टॅकलसमोर आणून उभं केलं.

कबड्डीत चांगला चढाईपटू भक्कम कोपऱ्याकडे फिरकतच नाही, कच्चा गडी कुठे उभा आहे ते आधी हेरतो. डिफेन्सचे प्रशिक्षक हेच करतात. म्हणून चार उत्तम आणि एक कच्चा, यापेक्षा पाच ठीकठाक माणसांची लाइन बरी. कॅपमध्ये जागा कमी असताना तर नक्कीच. दोन कोटींच्या ऑल-प्रोमागे (लीगमधल्या अव्वल खेळाडूमागे) धावण्याआधी आपल्या सगळ्यांत कच्च्या माणसाची जागा सुधारायला किती लागतील ते बघावं. बहुतेक वेळा बरंच कमी लागतं.

| | कॅन्सस सिटी 2021 | सिनसिनाटी 2022 |
|---|---|---|
| मुख्य रस्ता | तिन्ही मिळून | फ्री एजन्सी |
| सर्वांत मोठा करार | थुनी, 5 वर्षं, 8 कोटी डॉलर | कॅपा, 4 वर्षं, 3.5 कोटी डॉलर |
| ड्राफ्टमधून लगेच खेळलेले | हम्फ्री, स्मिथ | व्हॉल्सन |
| कुठे फसलं | लेफ्ट टॅकलची जागा पक्की झालीच नाही | राखीव फळी |

फिलाडेल्फियाचा तिसरा रस्ता

ईगल्सची गोष्ट वेगळी. तिथे लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड 2013 मध्ये आले, आणि मुख्य प्रशिक्षक बदलले तरी वर्षानुवर्षं ते राहिले. जॉर्डन मैलाटा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू, अमेरिकन फुटबॉल कधी खेळलाच नव्हता. 2018 मध्ये सातव्या फेरीत 233 वा घेतला, बसवून शिकवला आणि तो लेफ्ट टॅकल झाला. सेंटर जेसन केल्सी सहाव्या फेरीतला. मेखाय बेक्टन न्यूयॉर्क जेट्सकडे पहिल्या फेरीचा टॅकल असूनही फुकट गेला होता, ईगल्सनी 2024 मध्ये एका वर्षाच्या स्वस्त करारावर आणून त्याला गार्ड केलं. त्या वर्षी या लाइनमागून सेक्वॉन बार्कली चेंडू घेऊन 2,005 यार्ड धावला आणि टीम सुपर बोल जिंकली.

यात दुसरी युक्ती कराराच्या वेळेची. मैलाटाला त्यांनी 2021 मध्ये चार वर्षांसाठी 6.4 कोटी देऊन बांधला, तेव्हा तो नुकता बहरत होता. 2024 मध्ये पुन्हा नवा करार, जुना संपायच्या आत. बाजारभाव चढायच्या आधी सही.

पण हा रस्ता ठरवून लगेच घेता येत नाही. तसा प्रशिक्षक असावा लागतो, आणि मालकाला चार वर्षांचा धीर. मॅडनमध्ये हे सोपं आहे, खऱ्या फिलाडेल्फियात चार वर्षं थांबायला कोणी तयार नसतं.

ट्रेडचे दोन प्रकार, आणि त्यातला एक टाळा

महाग प्रकार म्हणजे 2019 मध्ये ह्यूस्टनने केला तो. लॅरमी टन्सिलसाठी पहिल्या फेरीच्या दोन पिका आणि दुसऱ्या फेरीची एक मायामीला दिली, आणि पुढच्याच वर्षी त्याला वर्षाला 2.2 कोटींचा करारही द्यावा लागला. पिका गेल्या त्या गेल्याच, पैसेही पूर्ण. टन्सिल उत्तम होता, यात वाद नाही. पण ह्यूस्टन घसरल्यावर 2021 ची ती पिक तिसऱ्या क्रमांकाची निघाली.

स्वस्त प्रकार म्हणजे शिकागोने 2025 मध्ये केलेला. आदल्या मोसमात त्यांचा क्वार्टरबॅक कॅलेब विल्यम्स 68 वेळा सॅक झाला होता. त्यांनी थुनीला कॅन्सस सिटीकडून 2026 च्या चौथ्या फेरीच्या एका पिकवर आणलं, गार्ड जोना जॅक्सनला रॅम्सकडून सहाव्या फेरीच्या पिकवर, आणि ड्रू डॅलमन हा सेंटर बाजारातून तीन वर्षांना 4.2 कोटींना. यातली मेख अशी, की खेळाडू ट्रेड झाला तर बोनसचा उरलेला भार जुन्या टीमच्या कॅपवर राहतो. नव्या टीमला फक्त पगार. तिशी गाठलेला पण धडधाकट गार्ड, ज्याचा करार त्याच्या टीमला जड झालाय, तो शोधावा. त्या मोसमात शिकागोने आपला विभाग जिंकला.

मग करायचं काय?

क्वार्टरबॅक रूकी करारावर असेल तर सिनसिनाटीसारखा बाजारात जाण्यात काही गैर नाही, फक्त करार असे करा की दोन वर्षांनी सुटता येईल. त्याला मोठा करार देऊन झाला असेल तर कॅन्सस सिटीचाच रस्ता, पण ब्राउनचा सौदा वगळून. म्हणजे एक महाग अनुभवी माणूस मधल्या तिघांत, त्याच्या शेजारी दुसऱ्या ते चौथ्या फेरीतला नवखा, आणि टॅकलसाठी स्वतःची पहिल्या फेरीची पिक. चांगले टॅकल बाजारात क्वचित येतात, आले तर लिलाव होतो. गार्ड आणि सेंटर मात्र येतात, आणि याला एक तांत्रिक कारणही आहे. फ्रँचायझी टॅगची रक्कम ठरवताना टॅकल, गार्ड, सेंटर सगळे एकाच गटात धरतात, त्यामुळे गार्डला टॅग लावणं म्हणजे टॅकलचा भाव मोजणं. ट्रे स्मिथला चीफ्सनी 2025 मध्ये 2.34 कोटींचा टॅग लावला तो अपवाद. बहुतेक टीम मधल्या माणसांना जाऊ देतात. तुम्ही तिथे उभे राहा.

आणि कॅपचे शेवटचे पंधरा-वीस लाख डॉलर रिसीव्हरवर उडवण्याआधी सहावा माणूस घ्या, दोन्ही बाजूंना खेळू शकणारा टॅकल. 2020 च्या कामगार करारानुसार सामन्याच्या दिवशी 46 ऐवजी 48 खेळाडू उतरवता येतात ते एवढ्याच अटीवर, की त्यांत आठजण लाइनचे असले पाहिजेत. सिनसिनाटीला जानेवारी 2023 मध्ये सहावा, सातवा आणि आठवा, तिघेही लागले.