बाबांची मूठ उघडून दाखवली आणि 61,300 रुपये घेतले

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर काही महिन्यांत बाबांचा उजवा हात आखडला. मूठ इतकी घट्ट की नखं तळहातात रुतायची. न्यूरोलॉजिस्टांनी बॅक्लोफेन (आखडलेले स्नायू सैल करणारी गोळी) आणि फिजिओथेरपी दिली होती, पण फरक फार सावकाश. घरात रोज कण्हणं ऐकणाऱ्याला कुणी सांगितलं की सुयांनी मूठ सुटते, तर तो जाणारच.

म्हणून एका अॅक्युपंक्चरवाल्याकडे, म्हणजे सुया टोचून उपचार करणाऱ्याकडे गेले. त्याचं पॅकेज 48,500 रुपये, वर सुयांना करंट द्यायचं मशीन 12,800. सगळे आगाऊ.

पहिल्याच दिवशी त्याने बाबांना गार एसीत बसवलं आणि हात झटक्यात ओढला. मूठ जाम. व्हिडिओ काढला. मग गरम शेक, सुया, आणि नंतर तोच हात अगदी हळू, एकेक बोट सोडवत उघडला. दुसरा व्हिडिओ. मी तिथेच पैसे भरले. आखडलेला स्नायू झटक्याने ओढला की अडतो, हळू ताणला की सैलावतो, हे आमच्या फिजिओताईंनी मला स्वतः दाखवलेलं होतं! डोळ्यांसमोर तेच चाललं होतं. पण बापाची बोटं उघडताना दिसली की ओढण्याचा वेग कोण बघतं? रिक्षा घरी पोचेपर्यंत मूठ परत मिटली होती.

अॅक्युपंक्चर थोतांड आहे असं मी म्हणत नाही. फिजिओथेरपीच्या जोडीला थोडा फायदा होऊ शकतो असं काही अभ्यास सांगतात, पुरावा मात्र कच्चा आहे. याने पत्रकावर ‘पक्षाघात पूर्ण बरा’ छापलं आणि गोळ्या बंद करायला लावल्या. बॅक्लोफेन एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका, कुणीही सांगो!

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. का, तर पावतीवर ‘वेलनेस सदस्यत्व, परतावा नाही’. पावतीवर उपचाराचं नाव लिहून घ्याच. पक्षाघात बरा करण्याच्या औषधी जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे म्हणून पत्रक घेऊन औषध खात्यात गेले, तर ‘सुई म्हणजे औषध नाही’. राज्यात 2015 चा अॅक्युपंक्चर कायदा आहे, नोंदणी लागते. याच्याकडे नोंदणी क्रमांकच नाही, हे घेऊन पुन्हा पोलिसांकडे गेले. साहेब म्हणाले, “ताई, तुम्ही स्वतःच गेलात ना?” आजारी बापाला घेऊन गेले, हा माझा गुन्हा! अर्जाची पोचसुद्धा देईनात. पोच हातात पडल्याशिवाय टेबलासमोरून उठू नका.